पिकअप सकाळी आणि घाटात मिसिंग मारते. नोझल, फिल्टर, पंप सगळं झालं. आता इंजिन खोलावं का?

मोर्शीचा_संत्रावाला | 18 नोव्हेंबर, रात्री 9:12

नमस्कार मंडळी. गाडी 2008 ची पिकअप, चार सिलेंडर, अडीच लिटर, साधं डीआय (डिझेल थेट सिलेंडरात फवारणारं) डिझेल इंजिन. सेन्सर-कॉम्प्युटर काही नाही, जुना मेकॅनिकल पंप. वडिलांनी घेतलेली गाडी आहे. तीन लाखाच्या वर किलोमीटर झाले, पण आजवर रस्त्यात कधी उभी राहिली नाही.

त्रास असा. सकाळी स्टार्ट मारली की दोन-तीन मिनिटं थडथड करते, तीन सिलेंडरवर चालल्यासारखी. मागून पांढरा धूर निघतो आणि डोळे चुरचुरतात. गरम झाली की स्लो (उभ्या जागी, रेस न देता) एकदम बरोबर. पण माल भरून नागपूरच्या कळमना बाजाराला निघालो की तळेगावच्या पुढं सत्याग्रही घाटात पुन्हा मिसिंग. तिसऱ्यावर चढणारी गाडी दुसऱ्यावर आणावी लागते, तरी झटके देते.

आतापर्यंत केलेलं: दोन्ही डिझेल फिल्टर नवे. नोझल दोनदा काढून चेक केले, दुसऱ्या वेळी चारही टिपा नव्या टाकल्या. पंप उतरवून कॅलिब्रेशन केलं. टॅपेट सेट केले. 31 हजार गेले. आता फिटर म्हणतो पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन खोला, 55 ते 60 हजार धरून चाला. आंबिया बहाराच्या संत्र्यांची तोडणी सुरू आहे, गाडी पंधरा दिवस उभी ठेवणं परवडत नाही. खोलावं का?


हिंगणघाटचा_रुईवाला | 18 नोव्हेंबर, रात्री 9:40

खोल भाऊ आणि मोकळा हो. माझ्या गाडीनंही असंच छळलं. मी सहा महिने नोझल-पंप करत बसलो, शेवटी इंजिनच केलं. ऑइल पीत होती, ते बंद झालं, ताकद परत आली. सकाळी अजून थोडी थडथडते, पण जुन्या गाडीला तेवढं चालतेच.


नवा_डायव्हर | 18 नोव्हेंबर, रात्री 9:51

स्पार्क प्लग पाहिले का? आमच्या व्हॅनमध्ये प्लगच खराब निघाला होता.


टॉर्कवाला | 18 नोव्हेंबर, रात्री 10:20

@नवा_डायव्हर, तुमची व्हॅन पेट्रोल किंवा गॅसवरची असणार. डिझेलला स्पार्क प्लग नसतो. पिस्टन हवा इतकी दाबते की ती 500 अंशांच्या वर तापते, आणि त्या तापलेल्या हवेत नोझलनं डिझेल फवारलं की ते आपोआप पेटतं. म्हणून डिझेल इंजिन मिसिंग मारत असेल तर प्रश्न तीनच: डिझेल वेळेवर आणि पुरेसं पोचलं का, नीट फवारलं गेलं का, आणि हवा पुरेशी दाबली गेली का.

@मोर्शीचा_संत्रावाला, इंजिन खोलण्याआधी मला एक सांगा. कोणतं सिलेंडर मिस करतं? 31 हजारांच्या यादीत हे कुठंच दिसलं नाही. सकाळी थंड गाडी स्लोवर चालू ठेवा आणि नोझलवर येणाऱ्या डिलिव्हरी पाइपचा नट एकेक करून अर्धा ते एक आटा ढिला करा, मग परत कसा. ज्या सिलेंडरचा नट ढिला केल्यावर इंजिन आणखी लंगडतं, ते सिलेंडर काम करत होतं. जिथं आवाजात काहीच फरक पडत नाही, ते मेलेलं.

दोन गोष्टी जिवाच्या आहेत. नटावर जाड कापड धरा, डोळ्यांवर चष्मा लावा आणि उडणाऱ्या धारेसमोर हात नेऊ नका. त्या दाबाचं डिझेल कातडी भेदून आत जातं. वरून टाचणीएवढं भोक दिसतं, पण बोट कापायची पाळी येते, तेव्हा थेट दवाखाना गाठायचा. आणि हा प्रयोग फक्त जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीवर. कॉमन रेल (कॉम्प्युटरवाल्या नव्या डिझेल) गाडीत पाइपमध्ये दाब हजार बारच्या वर जाऊ शकतो, तिथं चालू गाडीत पान्याला हातच लावायचा नाही.


चिखलदऱ्याचा_वारा | 18 नोव्हेंबर, रात्री 10:48

पान्याआधी एक सोपी गोष्ट. रात्रभर उभी गाडी स्टार्ट करा आणि मिनिटाभरात एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या चारही फाट्यांवर पाण्याचा एकेक थेंब टाका. तीन ठिकाणी चुर्र होऊन उडेल, चौथ्यावर थेंब बसून राहील. तेच सिलेंडर झोपलेलं. आम्ही घाटातले लोक असंच पाहतो.


मोर्शीचा_संत्रावाला | 19 नोव्हेंबर, सकाळी 7:35

दोन्ही करून पाहिलं. तीन नंबर. पाण्याचा थेंब तीन नंबरच्या फाट्यावर चक्क घरंगळून खाली गेला, बाकी तिन्हीकडं उडाला. मग नट ढिले केले. एक, दोन आणि चारला इंजिन बसायला आलं. तीनला काहीच फरक नाही, नुसतं कापड डिझेलनं भिजलं. मिनिटभर माझ्या हाताचं कापरं थांबत नव्हतं, कारण दोन महिन्यांत पहिल्यांदा या गाडीनं मला काहीतरी नेमकं सांगितलं.

मग मीच तीनचं नोझल एकमध्ये आणि एकचं तीनमध्ये टाकलं. मिसिंग तीनलाच राहिली.


हिंगणघाटचा_रुईवाला | 19 नोव्हेंबर, सकाळी 8:02

झालं ना मग. नोझल बदललं तरी दुखणं तिथंच, पंप चेक झालेला, म्हणजे कॉम्प्रेशन नाही. तीनची रिंग नाहीतर व्हॉल्व्ह. रात्री मी हेच म्हटलं होतं.


पंपखोली_यवतमाळ | 19 नोव्हेंबर, सकाळी 9:15

थांबा भाऊ, इतकी घाई नको. मी गेली 19 वर्षं नोझल-पंपाचंच काम करतो. (या गाडीचा पंप माझ्याकडं आला नव्हता.) रिंगा गेल्या हे तोंडानं सांगायची गोष्ट नाही, गेजनं सांगायची आहे. नोझलच्या भोकात कॉम्प्रेशन गेज (दाबलेल्या हवेचा दाब मोजणारा) लावा, चारही सिलेंडर मोजा. तालुक्याच्या ठिकाणी एकातरी फिटरकडं डिझेलचा गेज असतो, पेट्रोलचा चालत नाही. आकडा किती आला त्याहून चौघांत फरक किती आला ते पाहा. एखादं बाकीच्यांपेक्षा पाच-सहा किलोनं खाली असेल तर त्यात थोडं ऑइल टाकून पुन्हा मोजायचं. आकडा वर आला तर रिंग, नाही आला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

गेज मिळेपर्यंत दुसरी खूण. गाडी गरम करून स्लोवर ठेवा आणि ऑइलचं झाकण उघडा. रिंगा गेलेल्या गाडीत तिथून धूर लोहाराच्या भात्यासारखा भसाभस मारतो.

धुराचंही सांगतो. पांढरा, डोळे झोंबवणारा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. निळसर म्हणजे ऑइल जळतं. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. तुमचा पांढरा आहे, निळा नाही. ऑइल कमी होतं का?


मोर्शीचा_संत्रावाला | 19 नोव्हेंबर, दुपारी 1:20

ऑइल अजिबात पीत नाही. दोन बदलांच्या मधे वरून टाकावं लागत नाही. झाकण उघडलं तर थोडी वाफ येते, भाता नाही.


घाटंजीची_लेक | 19 नोव्हेंबर, दुपारी 2:45

मी दुधाच्या संकलनासाठी अशीच जुनी पिकअप स्वतः चालवते, म्हणून लिहिते आहे. मागच्या श्रावणात माझीही गाडी अशीच आचके देत होती. आमच्या घरी ट्रॅक्टरसाठी डिझेलचा ड्रम असतो, अडीअडचणीला त्यातलंच गाडीत टाकायचो. ड्रम अर्धा रिकामा राहिला की पावसाळ्यात आतल्या पत्र्याला दव धरतं आणि पाणी तळाशी जमतं. आणि आम्ही नळी टाकायचो थेट तळाला! फिल्टरखालचा स्क्रू ढिला करून काचेच्या ग्लासात धरलं तर खाली दोन बोटं पाणी आणि वर डिझेल, मधे रेघ मारल्यासारखी. तेव्हापासून नळीला वीट बांधून ती तळापासून वीतभर वर ठेवते.

दादा, तुम्ही ड्रमातलं टाकता का?


मोर्शीचा_संत्रावाला | 19 नोव्हेंबर, दुपारी 3:10

नाही ताई, पंपावरूनच भरतो. तरी तुमचं वाचून लगेच ग्लास धरला. दोन-चार थेंब पाणी निघालं, त्याहून जास्त नाही. ते काढून टाकलं.


काटोलकर | 19 नोव्हेंबर, सायंकाळी 6:30

माझ्या मते दोष डिझेलचाच आहे. 2020 च्या एप्रिलपासून देशभर बीएस-6 (प्रदूषणाच्या नव्या नियमांचं) डिझेल आलं, त्यात गंधक 10 पीपीएमच, म्हणजे दहा लाखांत दहा भाग. आधी 50 होतं. जुन्या पंपाला गंधकवाल्या डिझेलचं वंगण लागायचं. नव्या डिझेलनं जुने पंप खाल्ले.


पंपखोली_यवतमाळ | 19 नोव्हेंबर, सायंकाळी 7:05

यातलं अर्धं बरोबर आहे. गंधक काढताना डिझेलचा वंगणपणा कमी होतो हे खरं, पण तो भरून काढायला कंपन्या त्यात दुसरं द्रव्य मिसळतात. माझ्याकडं येणाऱ्या जुन्या पंपांत मला काय दिसतं ते सांगतो: रबरी सील कडक होऊन आकसलेले असतात. सील आकसलं की पंप पाझरतो किंवा हवा घेतो, पण एकच सिलेंडर निवडून मारत नाही. यांचा तीन नंबर तीनच राहतो, म्हणून डिझेलच्या नावानं खडे फोडून उपयोग नाही.


तर्रीपोहे | 19 नोव्हेंबर, रात्री 8:15

इतकी चर्चा आमच्या घरच्या सोयरिकीतही झाली नव्हती. संत्रावाले भाऊ, गाडी बरी झाली की नागपूरला तर्री-पोहे माझ्याकडून. पण कळमन्याचा भाव काय चाललाय तेही लिहा, निम्मे लोक तेवढ्यासाठी वाचत असतील.


मोर्शीचा_संत्रावाला | 20 नोव्हेंबर, सायंकाळी 5:50

मोठ्या गावातून गेज आणवला. आकडे: एक नंबर 27 किलो, दोन 26, तीन 26, चार 27.

म्हणजे इंजिन चांगलं आहे! फिटरला गेज दाखवला तर म्हणाला, गेजवर काय जाता, मी आवाजावरून सांगतो. 60 हजारांचं काम मी सध्या तरी थांबवलं. पण मग तीन नंबर का मरतो? कॉम्प्रेशन आहे, नोझल नवं, पंप तपासलेला. पाइप वाकलेला नाही, डिझेल येतं, कापड भिजलं ते मी स्वतः पाहिलं. आता शंका घ्यायला काही उरलंच नाही.


जुना_फिटर | 20 नोव्हेंबर, रात्री 9:30

बाप्पा, मी हे सारं दोन दिवसांपासून वाचून राह्यलो. एसटीच्या वर्कशॉपात 31 वर्षं काढले, आता घरी बसून आहो. मले दोन गोष्टी सांगा जी.

पहिली. सकाळचा त्रास पहिल्यापासून होता, का नोझल काढल्यावर सुरू झाला?

दुसरी. नोझल काढले तवा जुने तांब्याचे वायसर मोजले काय? चार नोझल काढले तं चार वायसर हातात आले पाह्यजेत. तीनच आले असतील तं चौथं कोठं गेलं?

ते जात नाही कोठं. हेडातल्या खड्ड्यात चिकटून राह्यते. काजळीनं असं काळं होते का वरून टॉर्च मारली तरी हेडाचाच भाग वाटते. पोरगं गडबडीत नवं वायसर टाकते, नोझल कसते. आता झाले दोन. नोझल वायसरच्या जाडीइतकं वर बसलं. डिझेलची धार पिस्टनच्या वाटीत पडायची ते काठावर पडते. थंड्या इंजिनात ते जळत नाही, पांढरा धूर होऊन मागून निघते. गरम झालं का कसंतरी जळते, मंग गाडी बरी वाटते. अन् नोझल अदलाबदल करा नाहीतं नवं टाका, दुखणं तिथंच. काहून का दुखणं नोझलमधे नाहीच, खड्ड्यात आहे. कॉम्प्रेशनही बरोबर दिसते, कारण वायसर हवा तं धरूनच आहे.


टॉर्कवाला | 20 नोव्हेंबर, रात्री 9:55

काका, नमस्कार तुम्हाला. नोझल अदलाबदल हा आम्ही पक्का पुरावा धरतो. दुखणं हललं तर नोझल, नाही हललं तर इंजिन. नोझलच्या खाली काय राहिलं हे त्यात सुटतं, हा विचार मी कधी केलाच नव्हता.


मोर्शीचा_संत्रावाला | 20 नोव्हेंबर, रात्री 10:10

काका, तुमचा पहिला प्रश्न वाचून मी आईला उठवून विचारलं, कारण सकाळच्या धुराची पहिली तक्रार तिची होती. अंगणात तुळशीजवळ धूर येतो म्हणून ती ओरडायची. ती म्हणते दसऱ्यानंतर. पहिल्यांदा नोझल काढले ते दसऱ्याच्याच आठवड्यात! त्याआधी फक्त घाटातली मिसिंग होती. मी दोन्ही एकच समजून चाललो होतो. सकाळी नोझल काढतो.


जुना_फिटर | 20 नोव्हेंबर, रात्री 10:25

घाई नोका करू. वायसर काढताना तुकडा सिलेंडरात पडला तं खरंच इंजिन खोला लागंल. सायकलच्या ताडीले (स्पोकले) आकडा करा, टोकाले ग्रीस लावा, हळूच कडेनं उचला. खड्डा चिंधीनं पुसा, काजळी राहू देऊ नोका. मंग नोझल न लावता, तोंडं दूर ठेवून दोन-चार सेल मारा, आत काही कण असंल तं उडून जाते. नवं वायसर एकच. त्याच जाडीचं.


मोर्शीचा_संत्रावाला | 21 नोव्हेंबर, दुपारी 12:40

सापडलं.

एक, दोन आणि चारमधून नोझलसोबत एकेकच वायसर आलं. तीनमधूनही नोझलसोबत एक आलं, चकचकीत, नवं. खड्ड्यात टॉर्च मारली तर तळ काळा, सपाट, काहीच दिसेना. मी सोडून देणार होतो. मग सायकलच्या ताडीचं टोक कडेनं फिरवलं तर एका जागी नख अडकावं तसं अडकलं. जरा खरवडलं आणि काजळीखाली तांबूस रेघ चमकली. अर्धा तास लागला. बाहेर आलं तेव्हा काळ्या वाटाण्याच्या सालीसारखं दिसत होतं, पण घासल्यावर तांबंच. आता ते खिशात घेऊन फिरतोय.

काकांनी सांगितलं तसं सगळं करून नोझल बसवले, हवा काढली. उद्या सकाळी थंड स्टार्ट पाहतो.


मोर्शीचा_संत्रावाला | 22 नोव्हेंबर, सकाळी 6:50

11 अंश थंडी. पहिल्या सेलला स्टार्ट. धूर नाही, थडथड नाही. आई अंगणात उभी राहून पाहत होती, ती म्हणाली गाडी बंद आहे का?


घाटंजीची_लेक | 22 नोव्हेंबर, सकाळी 7:15

वाचून इतकं बरं वाटलं! काका, दंडवत.


मोर्शीचा_संत्रावाला | 23 नोव्हेंबर, रात्री 11:05

काल आनंदात लिहिलं, आज माल घेऊन जाऊन आलो. घाटातली मिसिंग तशीच आहे. तिसऱ्यावर झटके, दुसऱ्यावर आणली. तेव्हा पहिलं, मूळ दुखणं अजून शिल्लक आहे. येताना रिकामी गाडी मात्र पाण्यासारखी आली.


हिंगणघाटचा_रुईवाला | 23 नोव्हेंबर, रात्री 11:20

लोडवरच होते म्हणजे पंप कमी देतो. पुन्हा पंप उतरव.


पंपखोली_यवतमाळ | 24 नोव्हेंबर, सकाळी 8:30

पुन्हा पंप उतरवायचे पैसे मी स्वतःच घेणारा माणूस, तरी सांगतो की नको. लोडवर पंप जास्त डिझेल ओढतो. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) ओढीच्या लाइनमध्ये कुठं बारीक चीर असेल तर स्लोवर काही होत नाही, जोरात ओढ लागली की डिझेलसोबत हवा येते. आणि या लाइनची चीर ओळखायला कठीण असते, कारण तिथून थेंबही गळत नाही. ती बाहेर टाकत नाही, आत ओढते. आपल्याकडं मे महिन्यात 45-46 अंशांत गाड्या उन्हात उभ्या असतात. रबरी नळ्या क्लिपपाशी कडक होऊन चिरतात.

फीड पंपाच्या आधी हातभर पारदर्शक नळी जोडा आणि एकाला रेस द्यायला बसवून बुडबुडे पाहा.


चिखलदऱ्याचा_वारा | 24 नोव्हेंबर, सकाळी 9:10

पंपखोलींशी सहमत. आणि माझा एक प्रश्न: घाटात त्रास होतो तेव्हा टाकीत डिझेल किती असतं?


मोर्शीचा_संत्रावाला | 24 नोव्हेंबर, दुपारी 2:00

@चिखलदऱ्याचा_वारा, तुमचा प्रश्न वाचून बसलो आणि हिशेब लावला. मी टाकी नेहमी कळमन्याहून परतताना फुल करतो, कारण माल विकला की तेव्हाच हातात पैसा असतो. मग आठवडाभर गावातल्या फेऱ्या. पुढच्या मालाला निघतो तेव्हा काटा अर्ध्याच्या खाली असतो. म्हणजे जाताना लोड आणि अर्धी टाकी, येताना रिकामी गाडी आणि फुल टाकी. प्रत्येक वेळी! मी सगळा दोष लोडला देत होतो.


चिखलदऱ्याचा_वारा | 24 नोव्हेंबर, दुपारी 2:25

मग टाकीतली उभी नळी काढून पाहा. तिला मधेच भोक पडलं असेल तर डिझेल भोकाच्या वर असेपर्यंत काही कळत नाही. पातळी खाली गेली की भोकातून हवा. चढावर डिझेल मागं सरकतं, तेव्हा तर आणखी. माझ्या मामेभावाच्या जीपला हेच झालं होतं, तो दोन वर्षं नुसती टाकी फुल ठेवून चालवत होता.


मोर्शीचा_संत्रावाला | 25 नोव्हेंबर, रात्री 8:45

आधी रबरी नळ्या पाहिल्या. एक क्लिप ढिली होती, ती कसली. पारदर्शक नळी लावली, चुलतभावाला रेस द्यायला बसवलं. पाव टाकी होती. स्लोवर नळीत डिझेल काचेसारखं. रेस वाढवली की बारीक बुडबुड्यांची माळ, मग सोड्यासारखं फसफसायला लागलं. कॅनमधलं 25 लिटर टाकीत ओतलं, पुन्हा रेस. एकही बुडबुडा नाही!

टाकीची नळी वर काढली. अर्ध्याच्या जरा वर गंजाचा पट्टा आणि त्यात दोन भोकं. एक सुईएवढं, दुसऱ्यात ज्वारीचा दाणा अडकेल एवढं. बोटानं दाबून दुसऱ्या टोकानं फुंकलं तर बोटाला हवा लागत होती.


टॉर्कवाला | 25 नोव्हेंबर, रात्री 9:05

अप्रतिम. डिझेलच्या वर उघडा राहणारा भाग दवानं गंजतो, आणि तुमची टाकी बहुतेक वेळ अर्धीच राहते, म्हणून पट्टा नेमका तिथं. घाटंजीच्या ताईंच्या ड्रममध्ये जे होतं तेच इथं. आता एक विनंती. नळी सुटी करून, धुऊन, लांब नेऊन ब्रेझिंग करा किंवा नवीनच टाका. टाकीवर किंवा टाकीजवळ वेल्डिंग अजिबात नको. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची असते.


मोर्शीचा_संत्रावाला | 28 नोव्हेंबर, रात्री 10:30

नवीन नळीच बसवली, 650 रुपये. आज 48 कॅरेट भरून गेलो, मुद्दाम टाकी अर्ध्याच्या खाली ठेवून. घाटाच्या पायथ्याला तिसरा टाकला आणि वरपर्यंत तिसऱ्यावरच. रेडिओ बंद ठेवला होता, नुसतं इंजिन ऐकत गेलो. वडील असते तर शेजारच्या सीटवर बसून त्यांनीही तेच केलं असतं.

तांब्याचं वायसर साधं पंधरा-वीस रुपयांचं आणि नळी 650. जुना_फिटर काका, पत्ता व्यनि (खासगी निरोप) करा. पुढच्या फेरीला एक कॅरेट तुमच्या दारात उतरवतो. पंपखोली आणि चिखलदऱ्याच्या भाऊंनीही पत्ते द्यावेत.


जुना_फिटर | 28 नोव्हेंबर, रात्री 10:50

कॅरेट नोका आणू, दोघं म्हातारा-म्हातारी किती खाणार! पिशवीभर आना. अन् ते जुनं वायसर घेऊन या सोबत, मले पाहाचं आहे.


हिंगणघाटचा_रुईवाला | 29 नोव्हेंबर, सकाळी 6:20

संत्रावाले भाऊ, मी पहिल्याच दिवशी खोल म्हणालो होतो, ते मागं घेतो. रात्रभर एकच डोक्यात होतं. माझी गाडी इंजिन केल्यावरही सकाळी थडथडते, आणि काम झाल्यावर फिटरनं जुने पार्ट पिशवीत दिले होते. ती पिशवी आत्ता माळ्यावरून काढली. रिंगा आहेत, बेअरिंग आहेत, तांब्याचे वायसर तीनच आहेत. काका, सायकलची ताडी किती जाडीची घ्यायची?


जुना_फिटर | 29 नोव्हेंबर, सकाळी 6:35

साध्या सायकलची चालते. टोक दगडावर घासून चपटं करा.